माझे पडलेले मनगट आणि वैशाखऱ्याचा गोमा

मुरबाडच्या धर्मार्थ रुग्णालयात डॉक्टरसाहेबांनी माझा उजवा हात कोपरापाशी धरला आणि पंजा वर उचलण्यास सांगितले. मी तो उचलला, अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात पंजा मनगटातून खाली लोंबत राहिला. डॉक्टरसाहेब "रिस्ट ड्रॉप" एवढेच म्हणाले आणि कागदावर त्यांनी 'रेडियल नर्व्ह पाल्सी' असे नाव घातले.

ह्या नावाचा अर्थ मी नंतर नीट विचारून घेतला, तो असा. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून एक मज्जातंतू हातात उतरतो, त्यास रेडियल म्हणतात. मनगट वर उचलणे, बोटे उघडणे आणि अंगठा बाहेर काढणे ही कामे त्याच्या अखत्यारीत आहेत. तो दबला किंवा दुखावला की हात जाग्यावर राहतो, पण हुकूम पाळत नाही. 'पाल्सी' म्हणजे लुळेपणा, आणि 'रिस्ट ड्रॉप' म्हणजे मनगट पडणे.

"हे कशाने झालं?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

खोलीत बाकांवर इतर रोगी बसलेले होते. सबब मी आवाज खाली आणून निवेदन केले. आटगावला एका लग्नास गेलो होतो. पंगत उठल्यावर स्टेशनात आलो, बाकावर बसलो, उजवा हात बाकाच्या पाठीवरून मागे टाकला, आणि गाडीला अवकाश असल्याने डोळा लागला. जाग आली तेव्हा बाकामागे एक हात लोंबत होता. तो माझाच आहे हे मला डाव्या हाताने चाचपून पाहावे लागले.

"म्हणजे झोपून," डॉक्टरसाहेब म्हणाले, आणि त्यांनी तेही लिहून घेतले.

मागच्या बाकावरून कोणी तरी हसले. मी वळून पाहिले. उघड्या अंगावर पंचा टाकलेला, चाळिशीचा, काळासावळा एक शेतकरी बसला होता. त्याचाही उजवा पंजा माझ्यासारखाच लोंबत होता.

"माजी बैलगाडी उलटली घाटात, हाड मोडलं, तवा कुठं ह्यो आजार भेटला," तो शेजारणीला सांगत होता. "ह्या भाऊंनी नुसत्या झोपंवर भागवलं."

हा मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावचा गोमा. आजार एकच, हात एकच; परंतु त्याचे कारण सांगण्यासारखे आणि माझे लपवण्यासारखे. त्या क्षणापासून ह्या गृहस्थाविषयी माझ्या मनात जे सुरू झाले त्याला हेव्यावाचून दुसरा शब्द नाही. ज्या कोणावर असा प्रसंग गुदरेल त्याच्या उपयोगासाठी मी हा मजकूर लिहीत आहे, म्हणून तो शब्द येथे गाळता येत नाही. दुखण्याइतकेच ह्या हेव्यानेही मला छळले.

माझ्याविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. शहापूरच्या मामलेदार कचेरीसमोर चिंचेच्या झाडाखाली मी गेली अनेक वर्षे अर्जनवीस म्हणून बसतो. माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंत झाले. पुढील परीक्षेस घरची परिस्थिती आड आली. तथापि शिकलेसवरलेले लोकही 'अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्या' असे सांगून माणसे माझ्याकडे धाडतात, हे शहापुरात सर्वश्रुत आहे. कचेरीतले अव्वल कारकून माझे अक्षर लांबून ओळखतात. पक्षकार मला भाऊसाहेब म्हणतात.

अशा माणसाच्या उजव्या हाताने बोरू तर सोडाच, भाकरीचा तुकडाही नीट धरू नये, ह्याची कल्पना करावी. मूठ कशीबशी वळे, उघडत नसे. ताटात हात ठेवला की तो तेथेच पडून राही. सौभाग्यवतीने मोहाच्या तेलाने दंड चोळला. शेजारणींनी वारे गेले, असे ठरवून टाकले आणि तिठ्यावर उतारा टाकण्याचे सुचवले. मी डाव्या हाताने अक्षर गिरवून पाहिले. ते माझ्या शेजारी बसणाऱ्या अर्जनवीसाच्या अक्षरासारखे आले, आणि मी कागद फाडून टाकला.

त्यातच भातसा नदीवर मोठे धरण होणार, अशी बोलवा त्या सुमारास उठली होती. ज्याच्या त्याच्या तोंडी जमिनीची हरकत. ज्यांची वेलांटी आयुष्यात कधी ताठ उभी राहिली नाही त्या माझ्या शेजाऱ्यांपुढे माणसे उकिडवी बसून आपल्या पाळीची वाट पाहत, आणि मी लुळा पंजा मांडीवर घेऊन चिंचेखाली बसे. एके दिवशी माझा जुना पक्षकार सवयीने माझ्यापुढे येऊन बसला, माझा हात त्याच्या दृष्टीस पडला, आणि तो मोठ्या अदबीने म्हणाला, "राहू द्या भाऊसाहेब, तुमी आराम करा." मग तो बसल्या जागीच शेजाऱ्याकडे वळला. उठण्याचीही तसदी त्याला पडली नाही. हात परत आला नाही तर चिंचेखालची ती जागा आपली राहणार नाही, हे मला त्या दिवशी स्वच्छ दिसले.

मुरबाडला जाण्याचे ठरले ते त्यानंतर. त्या रुग्णालयात मुंबईहून आठवड्यातून एकदा एक बाई येत. त्या औषध देत नसत. उष्णता, विजेचा प्रवाह, पट्ट्या आणि शिस्तीचा व्यायाम ह्यांनी त्या हाडामांसाचे व मज्जातंतूचे आजार हाताळीत. ह्या शास्त्राला फिजिओथेरपी म्हणतात. शहापूर रेल्वेच्या जवळ, शहापूरची कचेरी जुनी, आणि ही सोय मात्र मुरबाडला. ह्याचे मला वैषम्य वाटले, ते अद्याप गेलेले नाही. किन्हवलीच्या रस्त्याने एसटीत आदळत जाताना प्रत्येक खेपेस मी मनात ह्याविषयीच्या अर्जाचा मजकूर रचीत असे.

बाईंनी पहिल्या खेपेस टाचणी आणि कापूस घेऊन माझा हात तपासला. अंगठा आणि तर्जनी ह्यांच्यामधल्या पाठच्या भागावर कापूस फिरवला तो मला कळला नाही. टाचणीही बोथट लागली. "इथली जाणीव गेलीये. ही जागा लक्षात ठेवा, काका," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बॅटरीवर चालणारे एक यंत्र काढले, ओल्या कापडाची गादी माझ्या हातावर ठेवली आणि फॅरॅडिक नावाचा प्रवाह सोडला. माझा पंजा टुणकन वर उडाला. मी तो उडवला नव्हता, तरी तो उडाला. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लिहिण्यास हरकत नाही.

"छान," असे म्हणून बाईंनी यंत्र बंद केले आणि हाताखाली बांधण्याची एक लाकडी पट्टी दिली. तिला कॉक-अप स्प्लिंट म्हणतात. ती मनगटाला वर तोलून धरते. पडलेल्या मनगटाने वरचे स्नायू सतत ताणले जातात आणि ताणलेला स्नायू मज्जातंतू बरा झाला तरी उठण्यास आळस करतो, सबब पट्टी सदोदित बांधलेली हवी, व्यायामापुरतीच सोडावी. डाव्या हाताने उजव्याला हळूहळू हलवण्याचा व्यायाम, ज्याला पॅसिव्ह म्हणतात, तो त्यांनी दाखवला. "दमेपर्यंत करायचं नाही. थोडं करायचं आणि थांबायचं. बाकीचं काम नर्व्हचं आहे, तिला वेळ द्या."

एवढ्यावर माझी बोळवण झाली.

नंतर गोमाची पाळी आली, आणि मी माझ्या डोळ्यांनी जे पाहिले ते असे. त्याच्या कोपरावर लाल दिवा लावला, इन्फ्रारेड नावाचा. मग त्याला यंत्रापाशी बसवले. बाईंनी यंत्राची कळ बदलली, प्रवाह सोडला, थांबवला, पुन्हा सोडला. गोमाचा पंजा सुस्त जनावरासारखा हळूच हाले आणि पडे. माझ्या वाट्याला यंत्र क्षणभर आले, त्याच्या वाट्याला ते संपता संपेना. शेवटी त्याला दाबण्यासाठी एक रबरी चेंडूही मिळाला. आणि बोलणे सगळे "गोमादादा, आता सोडा," "गोमादादा, दुखलं का?" असे. मी काका, आणि माझ्याहून फार तर पाच वर्षांनी लहान असलेला हा मनुष्य दादा.

कचेरीत आयुष्य गेल्याने मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. साहेब ज्याचा कागद जास्त वेळ हातात धरतो, त्याचे काम होते. ज्याला पट्टी देऊन वाटेला लावले, त्याचे काम तळाशी गेले. मी तेथेच समजलो की, मुरबाडच्या माणसाला मुरबाडात झुकते माप मिळाले.

दर आठवड्याला हेच चाले. वाट पाहण्याच्या बाकावर गोमा माझ्याच शेजारी येऊन बसे. त्याच्यापाशी बोलण्याचा तोटा नव्हता. एकदा सौभाग्यवती माझ्याबरोबर आली होती, त्या दिवशी त्याने विचारले, "काय भाऊ, हात उठला का नाय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"वैनी, घरी कोंबडा हाय का? ह्यांच्या उशाला बांधा. आरवला का उठंल हात. झोपलाच हाय ना नुसता."

सौभाग्यवतीने पदर तोंडाला लावला. परतीच्या एसटीत किन्हवली येईपर्यंत तिला अधूनमधून हसू येत होते. मी खिडकीबाहेर पाहत होतो. माझ्या कोणत्याही बोलण्यावर ती इतकी कधी हसल्याचे मला आठवेना.

आषाढात एके दिवशी बाईंनी गोमाचा हात टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही उचला. मी यंत्र लावलेलं नाही." गोमाने दात आवळले. त्याचे मनगट टेबलावरून सुटे झाले, थरथरले, आणि वर आले. खोलीतल्या सगळ्यांनी वाहवा केली. शेजारच्या बाकावर कंबरेचे दुखणे घेऊन आलेल्या एका म्हातारीने बसल्या जागेवरून कडाकडा बोटे मोडून त्याची दृष्ट काढली.

माझे मनगट पट्टीत होते. मी पट्टी सोडून, कोणी पाहत नाही असे बघून, उचलून पाहिले. काही झाले नाही.

ज्याला हाताने नांगराचा रुमणा धरायचा त्याला हात मिळाला, आणि ज्याच्या हातावर अर्धा तालुका आपले गाऱ्हाणे सोपवतो त्याचा हात लोंबत राहिला. हा न्याय मला उमगेना. शहापूरला पोहोचेपर्यंत मी मनाशी एक निश्चय केला होता.

आमच्या व्यवसायात एक रीत आहे. एखाद्याचा अर्ज मंजूर झाला म्हणजे त्याची नक्कल जपून ठेवावी. त्याच प्रकारचे काम घेऊन दुसरा आला की, मजकूर तोच उतरावा. फक्त नाव, गाव आणि गट नंबर बदलावा. एकदा ज्या मजकुराला मंजुरी मिळाली त्याला पुन्हा नकार देणे साहेबाला अवघड जाते. ह्या रीतीने मी कित्येकांची कामे केली आहेत. सबब गोमाला जे उपचार लागू पडले ते जसेच्या तसे आपल्या हातास लागू करावे, असे मी ठरवले.

शहापूरच्या बाजारातून रबरी चेंडू आणला. पट्टी सोडली आणि चेंडू दाबू लागलो. बाईंनी थोडे करून थांबावयास सांगितले होते, परंतु वरचेवर आठवण दिल्याखेरीज कोणते काम पुढे सरकते? मी उठता-बसता चेंडू दाबला.

"पोरांचा खेळ घेऊन काय बसलात?" सौभाग्यवतीने विचारले. मी चेंडू दाबीत राहिलो.

राहिला तो दिवा. विजेचा दिवा घरी कोठून असणार? मी चुलीत एक वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि तिच्यावर उजव्या हाताची पाठ टेकवून डोळे मिटून बसलो. ऊब फारशी लागली नाही. म्हणून अधिक वेळ बसलो.

सौभाग्यवती विहिरीवरून परत आली आणि दारातच म्हणाली, "कसला वास येतोय?"

वास माझ्या हाताचा होता. अंगठ्याच्या मुळाशी, कापूस आणि टाचणी जेथे कळली नव्हती नेमक्या त्याच जागेवर, पाण्याने भरलेला मोठा फोड उठला होता. मला काहीच दुखले नव्हते. दुखले असते तर बरे झाले असते, असे तिचा चेहरा पाहून वाटले. तिने फडके दूर भिरकावले, गार पाण्याच्या घंगाळात माझा हात बुडवून धरला. मग म्हणाली, "त्या गोमाचा हात तुम्हाला हवाय, तर स्वतःचा का जाळता?"

ह्याचसाठी पुढील गोष्ट मी मुद्दाम नमूद करीत आहे. ज्या जागेची जाणीव गेली आहे तेथे विस्तव, तापलेली वीट, गरम पाणी किंवा कोणताही शेक देऊ नये. हात ओरडत नाही, म्हणून जळतच राहतो.

पुढच्या खेपेस बाईंनी फोड पाहिला. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त लाज वाटली.

"काका, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी उभा राहून माझी बाजू मांडली. एकच आजार असता एकास दिवा, यंत्र आणि चेंडू, आणि दुसऱ्यास केवळ लाकडाची पट्टी, हे कोणत्या नियमाने? दुसऱ्यास जे मंजूर झाले ते मला नामंजूर का?

बाईंनी मला बसवले. "दिवा त्यांच्या कोपराला होता, प्लास्टरमध्ये जखडलं होतं म्हणून. पंजाला नाही. चेंडू त्यांच्या आखडलेल्या बोटांना दिला. तुमची बोटं आखडलेली नाहीत. पट्टी काढून चेंडू दाबलात की तुमचं मनगट खाली ओढलं जातं, आणि जे स्नायू जपायला मी सांगितले तेच ताणले जातात. आणि यंत्र जास्त वेळ लावणं ही काही मेहेरबानी नाही, काका. ज्याला कमी लागतं तो नशीबवान."

शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिले नाही. अधिकारी लोक नकार देताना असे गोड बोलतात, हे मला माहीत होते.

गोमा बाकावरून ऐकत होता. तो म्हणाला, "भाऊ, दुसऱ्याचं जू आपल्या बैलाला लावलं का मान सोलते." आणि मग "फू घालू का फोडावर?" असे विचारले. मी तोंड फिरवले.

फोड भरून येईपर्यंत पट्टी नीट बांधता येईना. श्रावण असाच गेला. कचेरीसमोर माझ्या जागी पावसापासून आडोसा म्हणून शेजाऱ्यांनी आपले तरट पसरले होते. मी ते पाहून परत फिरलो.

जखम भरल्यावर मात्र मी नक्कल करणे सोडले. बाईंनी सांगितले तेवढेच करू लागलो. पट्टी बांधावी, सोडावी, डाव्या हाताने उजव्याला वर न्यावे, थांबावे. ह्या थांबण्याची मला सवय नव्हती. लोकांची कामे वर्षानुवर्षे थांबलेली मी पाहिली होती, पण मी स्वतः कशासाठी थांबलो नव्हतो.

भाद्रपदात गणपतीची आरास करताना सौभाग्यवतीने माझ्या हातात उदबत्तीचा पुडा दिला आणि तो मी घेतला. घेतल्यावर दोघांनाही कळले की, मनगट पडले नव्हते. त्यात जोर नव्हता, परंतु ते माझ्या आज्ञेत होते. त्यानंतर सुधारणा अशी झपाट्याने झाली की, बाईंनीही भुवया उंचावल्या. प्रथम मनगट, मग बोटे, सर्वांत शेवटी अंगठा. दसऱ्याच्या सुमारास मी पाटावर कागद ठेवून टाक हातात धरला आणि 'श्री' लिहिला. वेलांटी किंचित कलली होती. दुसऱ्या दिवशी ती ताठ आली.

हे मला ज्यास दाखवायचे होते तो मनुष्य मात्र रुग्णालयातून नाहीसा झाला होता. कापणीचे दिवस आले तसे गोमाने येणे सोडले. त्याच्या जागी दुसराच कोणी बसू लागला. बाईंनी माझा हात उलटासुलटा पाहिला, दाबला, ओढला आणि म्हणाल्या, "काका, आता तुमचं माझ्याकडे काही काम उरलं नाही." सर्वांनी कौतुक केले. मला त्या कौतुकात चव लागेना. गोमाच्या मनगटाला वाहवा मिळाली तेव्हा मी तेथे होतो. माझ्या वेळी त्याने तेथे असावयास हवे होते.

मी शहापूरची एसटी सोडली आणि माळशेजकडे जाणारी धरली.

वैशाखऱ्यास उतरून विचारीत विचारीत मी गोमाच्या शेतावर पोहोचलो. अंगात धुतलेला सदरा, खिशात टाक. भाताची कापणी चालू होती. त्याची बायको आणि भाऊ वाकून कापीत होते. गोमा बांधावर बसला होता. त्याने कापलेल्या भाताचा एक कवळा, म्हणजे पेंढी, डाव्या हाताने ओढून मांडीखाली दाबला, ती बांधायच्या बंदाचे एक टोक दातांत धरले, आणि दुसरे टोक डाव्याच हाताने फिरवून आवळले. उजवा हात त्याने नुसता वरून टेकवला होता. मनगट वर उचललेले होते, ताठ, जसे मी त्या दिवशी टेबलावर पाहिले होते तसेच. बोटे मात्र मिटलेली होती. त्याला विळा धरायचा झाला तेव्हा त्याने डाव्या हाताने उजव्याची बोटे एकेक करून उघडली आणि मूठ विळ्यावर बसवली, कुलपात किल्ली बसवावी तशी. दोन कापांनंतर विळा गळून पडला.

मी इतके महिने त्याच्या मनगटाकडे पाहत होतो. त्याची बोटे कधी उघडली नाहीत, हे मी पाहिलेच नव्हते.

"अरे, लिवणारे भाऊ," त्याने मला ओळखून हाक मारली. "या या. बसा. ये गो, भाऊंना पाणी आण. शापूरवरनं आलेत."

मी बांधावर बसलो. सदऱ्याच्या बाहीत माझा हात आत ओढून घेतला होता.

"दावा की," गोमा म्हणाला.

"काय?"

"हात. त्याच्यापायीच आलात ना एवढं लांब?"

मला नाही म्हणता आले नाही. मी हात पुढे केला. मनगट उचलले, बोटे उघडली, अंगठा बाहेर काढला. गोमाने तो डाव्या हातात घेऊन, बाजारात जनावर पारखावे तसा उलटापालटा पाहिला. एकेक बोट वाकवून सोडले आणि ते परत कसे सरळ होते ते पाहत राहिला.

"झ्याक झाला," तो म्हणाला. "बाई बोलल्याच होत्या."

"काय बोलल्या होत्या?"

"पयल्याच दिशी. तुमचा पंजा कसा टुणकन उडाला यंत्रावर? माजा उडला नाय. मी विचारलं, बाय, असं का? त्या बोलल्या, त्यांची नस नुसती दबलीय, पुरी येईल. तुमची हाडात चिरडलीय, गोमादादा. मनगट येईल, बोटांचं मी सांगू शकत नाय. म्हणून तर मला एवढा येळ यंत्र लावायच्या, बिचाऱ्या. मेलेलं मांस जागं ठेवायला."

त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता, तो मी उजव्या हाताने उचलला आणि मग तो डाव्यात घेतला.

"खोटं कशाला बोलू, भाऊ," गोमा हसत म्हणाला, "माजा लय डोळा होता तुमच्या हातावर. बाकावर तुमच्या शेजारी बसायचो ना, मनात जळायचो. म्हणायचो, बग रे देवा तुजा न्याय, मी बैल वाचवाया गाडीखाली गेलो त मला अर्धा हात, नि ह्यो लग्नात जेवून झोपला त ह्याला पुरा. लय हेवा केला तुमचा. म्हणून त कोंबडा नि काय काय बोलायचो. राग नाय ना धरला?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग घ्या पाणी. नि ये गो, हिकडं ये, भाऊंचा हात बग. आसा व्हतो पुरा बरा झाला म्हणजे."

ती विळा ठेवून आली. तिने माझ्या हाताकडे पाहिले, आणि मग नवऱ्याच्या हाताकडे न पाहण्याची फार काळजी घेतली. मला हात उघडा धरवेना. मी तो मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने मी उठलो, कापून पडलेले कवळे होते त्यांचे बंद आवळू लागलो, आणि एसटीची वेळ होईपर्यंत आवळत राहिलो. मला ते काम नीट येत नव्हते. गोमा बसल्या जागेवरून चुका काढीत होता, आणि त्याची बायको हसत होती.

डॉक्टरसाहेबांचे आणि बाईंचे उपकार मी विसरणार नाही. चिंचेखाली मी पुन्हा बसतो, आणि माझे अक्षर पूर्वीसारखे आहे, असे कचेरीत म्हणतात. ज्यांचा हात वा पाय आज त्या खोलीत टेबलावर पडला असेल त्यांनी पट्टी सोडू नये, आपल्या मनाने शेक घेऊ नये, आणि शेजारच्या बाकावर यंत्र जास्त वेळ का चालले आहे ह्याचा अर्थ स्वतः लावू नये, बाईंना विचारावा.

गोमाचा हेवा मात्र माझ्या मनातून गेलेला नाही. आता तो हाताबद्दल नाही. जे मी अर्धे वर्ष त्याच्या खांद्याला खांदा लावून गिळत बसलो, ते तो कवळे बांधता बांधता एका दमात बोलून मोकळा झाला, आणि मला पाणी घ्या म्हणाला. दुसऱ्यांची गाऱ्हाणी सरळ शब्दांत मांडण्यात माझी हयात गेली. माझे स्वतःचे मला त्या बांधावर मांडता आले नाही. ते मी आज येथे लिहीत आहे.